ठाण्याच्या ‘घाणेकर’मागचे डॉ. काशीनाथ घाणेकर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात ‘घाणेकर’ म्हणजे आधी एक पत्ता, नाट्यगृहाचा. रिक्षावाल्याला सांगायचा, तिकीट काढताना ‘गडकरी की घाणेकर?’ असं विचारून घ्यायचा. ज्या नटाच्या नावाने हा पत्ता झाला, त्याला जाऊन चार दशकं होत आली आणि आज बाल्कनीत बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याला रंगमंचावर पाहिलंय. मध्यंतरात वड्याच्या रांगेत, सोसायटीच्या ग्रुपवर, नाटकाला पहिल्यांदा आलेल्या कॉलेजच्या पोरांकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केलेत. उत्तरं एका मापाची नाहीत, कारण प्रश्नही एका मापाचे नाहीत.

घाणेकर ठाण्याचे होते का?

नाही. ते चिपळूणचे. त्यांचं ठाण्यातलं नाट्यगृह त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी उभं राहिलं, म्हणजे त्या रंगमंचावर त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण ठाण्यात चिपळूण-खेड-दापोलीकडची माणसं इतकी आहेत, की ‘आमच्याकडचा माणूस’ असं म्हणणारा एक तरी प्रेक्षक प्रत्येक प्रयोगाला भेटतोच.

ओळखीच्या नाट्यगृहांची नावं एकदा आठवून बघा. ठाण्यातच तलावपाळीला राम गणेश गडकरी, म्हणजे नाटककार. कल्याणला आचार्य अत्रे, नाटककारच. वाशीला विष्णुदास भावे, ज्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाची सुरुवात केली. डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, पनवेलला वासुदेव बळवंत फडके. या सगळ्यांत नट म्हणून गाजलेला माणूस एकच, आणि तो आपल्या मानपाड्याच्या बाजूला. नटाच्या नावाने वास्तू व्हायला त्याची लोकप्रियता किती खोल गेली असेल, एवढ्यावरूनच अंदाज यावा.

ते खरंच डॉक्टर होते, की ‘डॉ.’ नुसती हौस?

खरेच डॉक्टर, दातांचे. जाहिरातीत ‘डॉ.’ असायचंच. मराठी रंगभूमीला डॉक्टरांचं तसं वावडं नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. पण या तिघांचं नाव घेतलं की प्रायोगिक नाटक, गंभीर अभिनय असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. घाणेकरांचं नाव घेतलं की शिट्ट्या आठवतात. फरक आहे तो इथे.

नाव कधी झालं?

१९६२ साली. वसंत कानेटकर नाशिकच्या कॉलेजात शिकवायचे आणि नाटकं लिहायचे. त्यांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ गोवा हिंदु असोसिएशनने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक मास्टर दत्ताराम, शिवाजी महाराजही तेच, आणि संभाजी काशीनाथ घाणेकर.

हे नाटक लढायांचं नाही. रायगडावर एका घरात काय चाललंय याचं ते नाटक आहे. थकत चाललेला बाप, हट्टी आणि दुखावलेला मुलगा, सावत्र आई, दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे दोघांनाही ठाऊक असूनही शब्द चुकीचेच बाहेर पडतात. तोवर नाटकातला संभाजी म्हणजे बहुतेक व्यसनी, बाईवेडा राजपुत्र. इतिहासाच्या अभ्यासात वा. सी. बेंद्र्यांनी १९६० साली संभाजी महाराजांचं साधार चरित्र लिहून त्या प्रतिमेला धक्का दिला होता. कानेटकरांचा संभाजी रंगमंचावर आला तो त्याच सुमारास. घाणेकरांनी त्यात जीव ओतला. तापट, देखणा, क्षणात उसळणारा आणि क्षणात लहान मुलासारखा कोलमडणारा. घारे डोळे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, आणि विंगेतून येतानाची चाल. त्या काळातली जाणती माणसं आजही संभाजी म्हटलं की पुस्तकातलं चित्र आठवत नाहीत, घाणेकर आठवतात.

इथे ठाणेकराने जरा थांबावं अशी एक गोष्ट आहे. आपल्या दोन नाट्यगृहांची नावं ज्यांच्यावरून आहेत, त्या दोघांचा संभाजीशी संबंध आहे आणि तो अगदी उलटा आहे. गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ लिहायला घेतलं, ते अपुरंच राहिलं, १९१९ साली ते गेले. त्या नाटकातल्या संभाजीच्या चित्रणावरून इतका राग साठला की जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा फोडला गेला. आणि घाणेकरांना लोकांनी डोक्यावर घेतलं ते संभाजी म्हणूनच. तलावपाळीपासून मानपाड्यापर्यंत रिक्षाने जाताना या दोन संभाजींच्या मधून आपण जात असतो. कुणाच्या लक्षात येत नाही, पण येऊ द्यायला हरकत नाही.

पुढे कानेटकरांनीच ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिलं. त्यातही घाणेकरांचा संभाजी आणि समोर प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब.

‘लाल्या’ कोण? आजोबा सारखं ‘एकदम कडक’ म्हणतात ते काय?

‘अश्रूंची झाली फुले’ हे १९६६ सालचं नाटक. लेखक पुन्हा कानेटकर, संस्था पणशीकरांची नाट्यसंपदा. प्रोफेसर विद्यानंद हे सरळमार्गी शिक्षक, ही भूमिका पणशीकरांची. त्यांच्या कॉलेजात लाल्या नावाचा गुंड पोरगा. प्रोफेसर त्याला माणसात आणतात. मग व्यवस्था प्रोफेसरांनाच खोट्यात अडकवते, तुरुंगात पाठवते, आणि बाहेर आलेला माणूस सूडाने पेटून गुन्हेगारीत उतरतो. ज्याला त्यांनी सुधारलं तो लाल्या आता कायद्याच्या बाजूने त्यांच्यासमोर उभा राहतो. कथा ऐकायला ठोकळेबाज वाटते हे मान्य. पण नाटकात ती चालते, कारण दोन्ही माणसं एकाच वेळी बरोबर असतात.

लाल्या म्हणजे घाणेकर. कानेटकरांच्या रेखीव, पुस्तकी मराठीत मधेच हा पोरगा मुंबईच्या रस्त्यावरचं मराठी-हिंदी मिसळलेलं बोलायला लागतो, खांदे उडवतो, ‘एकदम कडक’ म्हणतो आणि नाट्यगृह उसळतं. १९६६ सालच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला असा हिरो नाटकात भेटलेला नव्हता. नाटकातली तरुण मुलं तोवर सुसंस्कृत असायची, आदर्शवादी असायची, फार तर खोडकर असायची. हा उद्धट होता आणि तरीही आवडत होता. कॉलेजची मुलं त्याच्यासारखी बोलायला लागली. आजोबा म्हणतात ते तिथून आलंय.

या नाटकावर १९६९ साली हिंदीत ‘आंसू बन गये फूल’ हा चित्रपट झाला. त्यात प्रोफेसर अशोक कुमार झाले आणि कथेसाठी कानेटकरांना फिल्मफेअर मिळालं. मग १९८४ मध्ये यश चोप्रांनी ‘मशाल’ केला. दिलीप कुमार रस्त्यात मदतीसाठी गाड्या थांबवायला ओरडत धावतात तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. त्याच सिनेमातला अनिल कपूरचा टपोरी म्हणजे नात्याने आपला लाल्या. हे सांगितलं की तरुण मुलांचे डोळे मोठे होतात.

जाहिरातीत त्यांच्या नावाआधी ‘आणि’ का असायचं?

नाटकाची जाहिरात पेपरात यायची तेव्हा कलाकारांची नावं ओळीने असायची आणि सगळ्यांत शेवटी, वेगळं काढून, ‘आणि डॉ. काशीनाथ घाणेकर’. आज सिनेमाच्या श्रेयनामावलीत हे सर्रास दिसतं, पण मराठी नाटकात हा मान त्यांच्याशी जोडला गेला. शेवटचं नाव वाचूनच लोक तिकिटांचा प्लॅन उघडायच्या, म्हणजे विक्री सुरू व्हायच्या, आधी रांगेत उभे राहायचे.

मराठी रंगभूमीचे पहिले सुपरस्टार, असं म्हणतात. बरोबर आहे?

अर्धं. बालगंधर्वांच्या एकेका साडीची, दागिन्याची फॅशन महाराष्ट्रभर पसरायची, त्यांना स्टार नाही म्हणायचं तर कुणाला? पण बालगंधर्वांची मोहिनी गाण्याची होती. गाण्याशिवाय, गद्य नाटकात, नुसत्या एंट्रीवर हाउसफुल्लचा बोर्ड लावणारा नट, असं म्हटलं तर घाणेकरांचं नाव आधी घ्यावं लागेल. पहिल्या अंकात ते विंगेतून आले की टाळ्या आणि शिट्ट्या थांबेपर्यंत बाकीच्या नटांना तसंच उभं राहावं लागायचं. सहकलाकारांची त्यामुळे पंचाईत व्हायची. लयीत चाललेलं नाटक मधेच थांबतं, प्रसंगातला ताण सुटतो. नाटकाच्या दृष्टीने हे चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तिकीट खिडकीच्या दृष्टीने फारच चांगलं होतं.

त्यांची आणखी कुठली नाटकं?

‘गारंबीचा बापू’, ‘आनंदी गोपाळ’, ‘शितू’, ‘मधुमंजिरी’, पु. लं.च्या ‘तुझे आहे तुजपाशी’मधला श्याम. यातल्या ‘आनंदी गोपाळ’चं नातं आपल्या जिल्ह्याशी आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, आणि गोपाळरावांची पोस्टातली नोकरीही तिथली. घाणेकर गोपाळराव व्हायचे, बायकोला डॉक्टर करण्याच्या ध्यासाने तिच्यावर प्रेमही करणारा आणि तिला छळणाराही विक्षिप्त माणूस. देखण्या हिरोने असली भूमिका घ्यावी, हे त्यांच्या चाहत्यांच्या गर्दीत जरा दुर्लक्षित राहिलं.

सिनेमे कुठून सुरू करावेत?

‘पाठलाग’पासून (१९६४). दिग्दर्शक राजा परांजपे, नायिका भावना. रहस्यपट आहे, त्यामुळे कथा सांगत नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि दोन वर्षांत राज खोसलांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे आशाबाईंचं गाणं यातलंच. ‘मेरा साया’ आधी पाहिला असेल तर रहस्य फुटलेलं असेल, पण मग एक वेगळी गंमत घेता येते. रंगमंचावर गडगडणारा नट कॅमेऱ्यासमोर किती कमी करतो ते बघा. मला हा सिनेमा त्यासाठी आवडतो.

त्यानंतर ‘मधुचंद्र’ (१९६७). राजदत्तांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट, सोबत उमा, संगीत एन. दत्ता यांचं. हलकाफुलका. ‘मधु इथे अन् चंद्र तिथे’ हे गाणं घरात कुणीतरी गुणगुणलेलं असेलच.

‘एकटी’ (१९६८) मात्र रुमाल घेऊन बसून बघायचा. राजा ठाकूर दिग्दर्शक, सुलोचनाबाई आई, घाणेकर मुलगा, आणि सुमन कल्याणपूरांचं ‘लिंबलोण उतरू कशी’. यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिकून मोठा होऊन दूर गेलेला मुलगा आणि मागे राहिलेली आई हा विषय ठाण्या-डोंबिवलीच्या घरांना आज जास्त लागेल, जिथे एका खोलीत परदेशातल्या नातवंडांचे फोटो लावलेले असतात.

‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हा वसंत जोगळेकरांचा चित्रपट. आशा काळे नायिका, गाणी सुधीर मोघे आणि हृदयनाथ मंगेशकरांची. ‘गोमू संगतीनं’ माहीत नसलेला मराठी माणूस शोधून काढावा लागेल. ते हेमंतकुमार आणि आशा भोसलेंनी गायलंय. लग्नाच्या हळदीला, कोळीवाड्यातल्या पार्टीला, गणपतीच्या मिरवणुकीत ते वाजतं, आणि नाचणाऱ्यांना तो मूळ नट कोण हे क्वचितच ठाऊक असतं.

शेवटी ‘गारंबीचा बापू’ (१९८०). श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरचा. आधी नाटकात केलेला बापू त्यांनी पडद्यावर आणला, सोबत पुन्हा आशा काळे. चेहऱ्यावर वय दिसतं, आवाजात थोडी खरखर आलीय, पण गावाला न जुमानणारा बापू त्याने काही कमी होत नाही. चिपळूणच्या माणसाला गारंबी समजावून सांगावी लागत नाही.

भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘देवमाणूस’, ‘झेप’, ‘अजब तुझे सरकार’ हेही आहेत. वेळ असेल तसे बघा.

हिंदीत काही केलं का?

थोडं. ‘दादी माँ’ (१९६६) मधलं ‘उसको नहीं देखा हमने कभी’ हे गाणं तुम्ही मातृदिनाला कुणाच्या तरी स्टेटसवर ऐकलं असणारच. मन्ना डे आणि महेंद्र कपूरचा आवाज, आणि पडद्यावरच्या दोन मुलांपैकी एक काशीनाथ. मग ‘अभिलाषा’ (१९६८), मीनाकुमारी, नंदा आणि संजय खान यांच्यासोबत. हिंदीत ते टिकले नाहीत. दौऱ्यावर महिना महिना नाटकाचे प्रयोग करणाऱ्या नटाला मुंबईच्या स्टुडिओत तारखा देणं जमण्यासारखं नव्हतं, आणि इथे मराठीत राजासारखं वागवलं जात असताना तिथे दुसऱ्या फळीत उभं राहण्याची त्यांना गरजही नव्हती.

सुलोचनाबाई त्यांच्या कोण?

पडद्यावर आई, आयुष्यात सासूबाई. घाणेकरांचं पहिलं लग्न एका डॉक्टर स्त्रीशी झालं होतं, ते तुटलं. नंतर त्यांनी सुलोचनादीदींची मुलगी कांचन हिच्याशी लग्न केलं. दोघांच्या वयात बरंच अंतर, एक विवाह आधी झालेला, नवरा म्हणजे लाखोंच्या गळ्यातला ताईत. आईचा जीव टांगणीला लागला असेल तर नवल नाही. कांचनबाईंनी पुढे ‘नाथ हा माझा’ हे पुस्तक लिहिलं. नवऱ्यावर भाळलेल्या बायकोचं पुस्तक असूनही त्यात नवऱ्याचे दोष झाकलेले नाहीत. मराठीत नटांच्या बायकांनी लिहिलेल्या आत्मकथनांची एक चांगली रांगच आहे, त्यात ते बसतं. सुलोचनादीदी २०२३ साली गेल्या.

डॉ. लागूंशी त्यांचं पटत नव्हतं, हे खरं का?

दोघे एकमेकांचे वैरी होते असं रंगवून सांगण्यात लोकांना मजा येते. झालं ते असं. डॉ. लागू परदेशातली नोकरी आणि डॉक्टरकी सोडून १९६९ साली पूर्णवेळ नाटकात आले, तेही ‘इथे ओशाळला मृत्यू’ याच नाटकातून. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आलं आणि प्रेक्षकांची अभिनयाकडे बघायची नजर बदलली. लागूंचं काम आतून उमलत यायचं, शब्दाशब्दाला विचार असायचा. तशात टाळीसाठी थांबणारा नट अचानक मागच्या पिढीतला वाटायला लागला. हा बदल घाणेकरांना बोचला असणार, कुणालाही बोचेल. पण त्याला लागू जबाबदार नव्हते, काळ होता. आणि माझं मत विचाराल तर ही तुलनाच थोडी अन्यायाची आहे. लाल्या लागूंनी केला असता तर तो कदाचित जास्त खरा वाटला असता, पण त्याच्यासारखं बोलत कुणी घरी गेलं नसतं.

दारूमुळे वाया गेले, असं ऐकलंय.

दारू होती, लहरीपणा होता, प्रयोगाला उशिरा येणं होतं, निर्मात्यांशी खटके होते. हे त्यांच्या जवळच्या माणसांनीच लिहून ठेवलंय, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. ‘वाया गेले’ हा शब्द मात्र मी वापरणार नाही. त्या धंद्याचं गणित समजून घ्या. नटाला पैसे महिन्याचे नसतात, प्रयोगाचे असतात. त्याला नाइट म्हणतात. आज मुंबई, उद्या नाशिक, परवा नागपूर, रात्री साडेबाराला पडदा पडला की बसमध्ये बसायचं, सकाळी पुढच्या गावात उतरायचं. गावोगावचा कंत्राटदार जाहिरात ‘घाणेकर’ या नावावर करतो, संचातल्या बाकीच्यांच्या पोटाचाही प्रश्न असतो, म्हणजे ताप असला तरी उभं राहावंच लागतं. रोज रात्री हजार माणसं शिट्ट्या वाजवतात आणि मग खोलीत एकट्याने जेवायचं. सगळेच नट यात दारूकडे वळत नाहीत, हेही खरं. त्याच दौऱ्यांवर पणशीकर दशकानुदशकं ‘तो मी नव्हेच’ करत राहिले आणि संस्थाही सांभाळत राहिले. स्वभावाचा भाग राहतोच.

निर्मात्यांनीही शेवटी हिशोब केला. आयत्या वेळी नट येईल की नाही याची खात्री नसेल तर बदली कलाकार तयार ठेवावा लागतो, तिकिटांचे पैसे परत करावे लागतात. असं दोन-चारदा झालं की कितीही मोठं नाव असो, जाहिरातीतून निघतं.

मृत्यू कसा झाला?

दौऱ्यावरच. २ मार्च १९८६ रोजी अमरावतीत, हृदयविकाराच्या झटक्याने.

२०१८ चा सिनेमा किती खरा आहे?

‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ हा अभिजीत शिरीष देशपांडेंचा चित्रपट. सुबोध भावे घाणेकर, सोनाली कुलकर्णी सुलोचनाबाई, वैदेही परशुरामी कांचन, सुमीत राघवन डॉ. लागू, प्रसाद ओक पणशीकर. दिवाळीत लागला तेव्हा समोर ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ होता आणि मराठी सिनेमाला पडदे मिळेनात म्हणून बराच वाद झाला. लोकांनी मात्र मराठीच उचलून धरला.

व्यक्ती आणि घटना बऱ्याचशा खऱ्या आहेत. लागू-घाणेकर संघर्ष सिनेमाला हवा तेवढा धारदार केलाय, आणि वर्षांची सरमिसळ आहेच. चरित्रपट म्हणजे पंचनामा नव्हे, एवढं लक्षात ठेवून बघावा. सुबोध भाव्यांनी आवाजाची फेक आणि मान वळवण्याची लकब नेमकी धरलीय. मुलांना घाणेकरांची ओळख करून द्यायची तर हाच सिनेमा आधी दाखवा आणि मग ‘पाठलाग’; मूळ माणूस बघितल्यावर त्यांना नक्कल आणि अस्सल यांची तुलना करायला आवडते.

त्यांच्या नाटकांचं चित्रीकरण यूट्यूबवर मिळेल का?

ही सगळ्यांत वारंवार येणारी मागणी, आणि इथे निराशा पदरी येते. १९६०च्या दशकात चालू नाटकाचं पूर्ण चित्रीकरण करायची पद्धतच नव्हती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ साली, म्हणजे संभाजी आणि लाल्या ऐन भरात असताना कॅमेरा तिथे नव्हताच. जे नाटक रोज रात्री पडद्यासोबत संपायचं, त्याचा पुरावा प्रेक्षकांच्या आठवणीत राहिला.

घाणेकरांविषयी मला जे म्हणायचं आहे ते इथेच येतं. आपण आज त्यांना सिनेमांवरून जोखतो आणि ‘बरे होते की, पण एवढं काय?’ असं म्हणतो. सिनेमात ते चांगले नट दिसतात. थोर ते रंगमंचावर होते, आणि तो भाग जतन झालेला नाही. म्हणून तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, आत्या, काका, शेजारच्या आजी, तर त्यांना विचारा. ‘नट कसा होता?’ असं नका विचारू, त्याला ‘छान होता’ एवढंच उत्तर येतं. विचारा, कुठे बघितलं, तिकीट कुणी काढलं, पहिली एंट्री कुठून झाली, शेजारचा प्रेक्षक काय करत होता. मग बघा आजी खुर्चीत सरळ होऊन बसतात की नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गणपतीत सगळे जमतात तेव्हा हे काम सहज होतं.

नावात ‘काशिनाथ’ की ‘काशीनाथ’?

दोन्ही छापलेलं दिसतं. सिनेमाच्या नावात ऱ्हस्व आहे. गूगलवर शोधताना दोन्ही टाका.

घाणेकर नाट्यगृहात कसं जायचं?

हिरानंदानी मेडोज, मानपाड्याजवळ, पोखरण रोड नंबर दोनच्या बाजूने. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरा. सॅटिसवरून, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उन्नत पुलावरून, टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस मिळते किंवा खालून रिक्षा. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्यापर्यंत यावं, गाडी काढून येण्यापेक्षा ते बरं. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम आणि कंटेनर दोन्ही आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी संध्याकाळच्या प्रयोगाला हाताशी भरपूर वेळ ठेवा. गडकरी स्टेशनपासून चालत आहे, घाणेकर नाही. पहिल्यांदा येणारे इथेच फसतात. तिसरी घंटा झाल्यावर अंधारात लोकांच्या पायांवरून जागा शोधत जाऊ नका, एवढी विनंती.

मुख्य रंगमंचाशिवाय इथे एक छोटं नाट्यगृह आहे. एकांकिका आणि नव्या मुलांचे प्रयोग तिथे बघायला मिळतात, तिकीटही परवडतं.

त्यांची गाजलेली नाटकं आज कुठे बघता येतील?

‘अश्रूंची झाली फुले’ २०१९ मध्ये नव्याने आलं होतं, दिग्दर्शन प्रतिमा कुलकर्णींचं, आणि लाल्या सुबोध भावे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘तुझे आहे तुजपाशी’ही अधूनमधून वेगवेगळ्या संचांत पुन्हा उभी राहतात. शनिवार-रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती चाळत राहा किंवा बुकिंगच्या ॲपवर नाव टाकून बघा. नव्या संचाचा प्रयोग ठाण्यात लागला आणि घरात कुणी जुना प्रेक्षक असेल, तर तिकीट काढताना त्यांच्यासाठी आयलजवळची खुर्ची घ्या. घाणेकर नाट्यगृहात त्यांना जिने चढायचा त्रास होणार असेल तर आधी फोन करून लिफ्ट चालू आहे ना, तेवढं विचारून घ्या.